केंद्रांतर स्कॅनवरून, भोक व्हर्नियरवरून

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जुन्या पंपाची कव्हर प्लेट, इंजिनाचे पॅकिंग, मोटारीखालची पट्टी असा एखादा सपाट सुटा भाग बाजारात मिळेनासा झाला, की घरच्या घरी त्याची डिजिटल फाइल करा, असा सल्ला हल्ली पुरवण्यांतून आणि व्हिडिओंतून सर्रास दिला जातो. भाग स्कॅनरवर ठेवा, इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करा (म्हणजे चित्राच्या कडांवरून आपोआप रेषा काढून घ्या), त्या रेषांची डीएक्सएफ फाइल लेझर कटिंगवाल्याला पाठवा, की काम झाले. हा सल्ला निम्मा बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यापायी पत्रा वाया जातो, कटिंगचे पैसे बुडतात, आणि शेवटी कानस घेऊन भोके लांबवत बसावे लागते.

चूक होते ती एका समजुतीमुळे. स्कॅन केलेले चित्र म्हणजेच माप, असे गृहीत धरले जाते. स्कॅनमध्ये काही मापे फार चांगली मिळतात आणि काही फसवी. कोणती कुठली, हे कळले की घरचा साधा प्रिंटर-स्कॅनर, १५० मिमीचा व्हर्नियर (जबड्यांत धरून बारीक माप घ्यायचे साधन) आणि फुकट मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्यावर कारखान्याला देता येईल अशी फाइल तयार होते.

६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केले तर एक ठिपका ०.०४२ मिमीचा असतो, ३०० वर ०.०८५ मिमीचा. हे आकडे ऐकून वाटते की व्हर्नियरची गरजच काय? पण कडेवरचे ठिपके ना काळे ना पांढरे, मधल्या करड्या छटांचे असतात. कड नेमकी कुठे धरायची ते सॉफ्टवेअरमधली उजेडाची मर्यादा ठरवते. ती थोडी सरकवली की प्रत्येक कड ठिपका-दोन ठिपके आत किंवा बाहेर जाते. भाग गडद आणि मागचा कागद पांढरा असेल, तर एका बाजूला सरकवल्यावर प्लेट मोठी आणि भोके लहान होतात, उलट सरकवल्यावर प्लेट लहान आणि भोके मोठी. ६.६ मिमीचे भोक ६.४ ही दिसते, ६.८ ही. मात्र भोकाची कड सगळीकडून सारखीच सरकत असल्याने त्याचा मध्य जागचा हलत नाही. म्हणून दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर, म्हणजेच केंद्रांतर, स्कॅनवरून घ्यावे, त्यावर भरवसा ठेवता येतो. भोकाचा व्यास, खाचेची रुंदी, प्लेटची बाहेरची लांबी-रुंदी या गोष्टी मात्र व्हर्नियरने मोजाव्यात. या पत्रातली एवढी एकच गोष्ट कुणी लक्षात ठेवली तरी पुष्कळ पत्रा वाचेल.

केंद्रांतरावरचा हा भरवसा ठेवण्याआधी स्कॅनर तपासून घ्यायला हवा. आडव्या दिशेचे माप आतल्या संवेदक पट्टीवर ठरते, ते बहुधा बिनचूक असते. उभ्या दिशेचे माप ती पट्टी ओढणाऱ्या मोटारीवर आणि पट्ट्यावर अवलंबून असते, आणि तिथे फरक पडतो. स्टीलची पट्टी आधी आडवी, मग उभी ठेवून ६०० डीपीआयवर स्कॅन करावी. १५० मिमी अंतरात ३५४३ ठिपके यायला हवेत. आडवे ३५४३ आले आणि उभे ३५२९ आले, तर उभ्या दिशेत चित्र ०.४ टक्का आखूड आहे. ऐकायला किरकोळ वाटते, पण ९२ मिमी केंद्रांतरात ही चूक ०.३७ मिमीची होते. एम ६, म्हणजे ६ मिमी व्यासाच्या, बोल्टसाठी ६.६ चे भोक असेल तर खेळ (मोकळी जागा) एकूण ०.६ मिमी असतो, त्यातला निम्म्याहून जास्त इथेच संपला. २०० मिमी लांबीवर चूक ०.८ मिमीच्या घरात जाते आणि चौथा बोल्ट काही केल्या बसत नाही. उपाय सोपा आहे. गिंप या चित्र-दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र उघडून रुंदी-उंचीची साखळी तोडायची आणि फक्त उंची १.००४ पट करायची. ए-४ च्या पूर्ण स्कॅनला ७०१६ च्या जागी ७०४४ ठिपके उंची दिली की झाले. ही दुरुस्ती आधी करावी, कारण पुढे फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टीवरून माप जुळवताना दोन्ही दिशांना एकच प्रमाण लागू होते.

स्कॅनर कोणत्या जातीचा आहे हेही पाहावे. घरोघरी दिसणाऱ्या पातळ यंत्रांत संवेदक काचेला अगदी चिकटून असतो. काचेला टेकलेला पृष्ठभाग तेवढा स्वच्छ दिसतो आणि दोन-तीन मिलिमीटर वरचे सगळे धूसर होते. जुन्या जाड स्कॅनरांत आरसे आणि भिंग असते. त्यात खोलवरचे दिसते खरे, पण काचेच्या कडेला ठेवलेल्या जाड भागाची उभी बाजूही चित्रात उतरते आणि प्लेट एका अंगाने फुगते. ओळखायचे कसे? काचेवर पेन तिरपे टेकवून स्कॅन करा. टोक सोडून लगेच धूसर झाले तर पातळ जात, वरपर्यंत दिसले तर भिंगाची. भिंगाच्या स्कॅनरवर भाग काचेच्या रुंदीच्या मधोमध ठेवावा. पातळ जातीवर सपाट, बर नसलेली बाजू खाली करावी.

बर म्हणजे पंच करताना किंवा कापताना कडेला उभी राहिलेली धार. ती कानशीने आधी काढावी, नाहीतर भाग काचेवर अर्धा मिलिमीटर अधांतरी राहतो आणि काचेवर ओरखडाही उठतो. ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक फिल्म काचेवर अंथरली तर काच वाचते आणि मापाला बाधा येत नाही. वाकलेला भाग आधी सरळ करून घ्यावा. चकचकीत स्टील किंवा घासलेले ॲल्युमिनियम असेल तर उजेड परावर्तित होऊन कड कागदात विरून जाते. त्या पृष्ठभागावर काळा मार्कर फिरवावा, सुकू द्यावा, आणि झाकणाऐवजी वर पांढरे कार्डशीट ठेवावे. भाग गडद असेल तर पांढरे, फिकट असेल तर काळे. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधले आपोआप कापणे, सरळ करणे आणि धार वाढवणे हे तिन्ही पर्याय बंद करावेत. शेवटचा विशेषतः, कारण तो कडेभोवती खोटी पांढरी रेघ ओढतो. फाइल पीएनजी किंवा टिफ ठेवावी. करड्या छटांत ए-४ पान ६०० डीपीआयला साडेतीन कोटी ठिपक्यांचे होते, साध्या संगणकाला ते झेपते. १२०० डीपीआयचा मोह टाळावा. फाइल चौपट होते, पण यंत्राची अचूकता काही वाढत नाही. स्टीलची पट्टी प्रत्येक स्कॅनमध्ये भागाशेजारी ठेवावीच, म्हणजे सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी मापाचा पुरावा चित्रातच असतो. व्हॉट्सॲपवर ते चित्र फोटो म्हणून पाठवले की ते दाबले जाते आणि डीपीआयची नोंदही जाते. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. नोंद गेलेले ६०० डीपीआयचे चित्र इंकस्केपमध्ये सव्वासहा पट मोठे उघडते, कारण इंकस्केप ९६ डीपीआय धरून चालते. 'फाइल मोठी का आली?' या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते.

मोबाइलचा फोटो चालतो का? चालतो, पण लांबून. ५० सेंटिमीटरवरून ५ मिमी जाड प्लेटचा फोटो काढला आणि मापाची पट्टी टेबलावर ठेवली, तर प्लेटचा वरचा पृष्ठभाग पट्टीपेक्षा कॅमेऱ्याला जवळ असल्याने एक टक्का मोठा दिसतो. ९२ मिमीला जवळजवळ एक मिलिमीटर. दोन मीटर मागे जाऊन झूम करून काढला तर हीच चूक पाव टक्क्यावर येते, आणि पट्टीखाली ५ मिमीची ठोकळी सरकवून ती प्लेटच्या पातळीला आणली तर जवळपास नाहीशीच होते. कॅमेरा तिरपा असला तर आयत समलंब होतो. फोन हातात न धरता स्टँडला बांधून भागाला काटकोनात ठेवावा. ए-४ पेक्षा मोठ्या भागाला दोन स्कॅन जोडण्यापेक्षा हा मार्ग मला बरा वाटतो.

पॅकिंगची गोष्ट निराळी आहे. वर्षानुवर्षे दाबून राहिलेले जुने पॅकिंग बाहेर पसरलेले असते, भोकांच्या कडा फाटलेल्या असतात. त्यावरून फाइल केली तर जुन्याच चुका नव्याने कापल्या जातात. स्कॅन करायचा तो ज्या धातूवर ते बसते त्याचा. तो काचेवर ठेवण्याजोगा नसेल तर मेस्त्री लोकांची जुनी रीत उत्तम. मुखावर जाड कागद धरायचा, तेलकट बोटाने किंवा पेन्सिलीच्या शिश्याने कडांवरून घासून छाप घ्यायची, आणि ती छाप स्कॅन करायची. कोकणातल्या पावसाळ्यात कागद दमट होऊन फुगतो, ए-४ च्या लांबीत अर्धा मिलिमीटर सहज जातो. छाप घेतल्याबरोबर स्कॅन करावी आणि सर्वांत दूरच्या दोन भोकांतले अंतर प्रत्यक्ष धातूवर मोजून ताडून पाहावे.

आता व्हर्नियर. सारख्या व्यासाच्या दोन भोकांचे केंद्रांतर काढायला दोन मापे घ्यायची, बाहेरच्या कडांमधले आणि आतल्या कडांमधले. समजा ती ९८.६२ आणि ८५.४० आली. दोहोंची सरासरी ९२.०१ हे केंद्रांतर, आणि फरकाचे निम्मे ६.६१ हा भोकाचा व्यास. स्कॅनमध्ये हेच अंतर ९२.१ च्या आसपास दिसत असेल तर स्कॅन बरोबर आहे. लहान भोकात व्हर्नियरचे आतले जबडे घालून थेट व्यास मोजला तर तो कमी येतो, कारण जबड्यांच्या टोकांना थोडा सपाटपणा असतो आणि ते गोलाईला पुरते टेकत नाहीत. अशा वेळी ड्रिल बिटांच्या गुळगुळीत बाजू घालून पाहाव्यात. ६.५ चा जातो, ७ चा जात नाही, एवढे कळले तरी बहुतेक काम होते, कारण बोल्टची भोके ठरलेल्या मापांची असतात. मध्यम खेळाच्या मानकाप्रमाणे एम ४ ला ४.५, एम ५ ला ५.५, एम ६ ला ६.६, एम ८ ला ९, एम १० ला ११ मिमी.

गोलावर मांडलेल्या भोकांसाठी शेजारच्या दोन केंद्रांतले अंतर घ्यावे. तीन भोके असतील तर त्याला १.१५५ ने, चार असतील तर १.४१४ ने, पाच असतील तर १.७०१ ने गुणले की मांडणीच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. सहा असतील तर त्या अंतराची सरळ दुप्पट. मोठ्या कंसाची त्रिज्या हवी असेल तर कंसाच्या दोन बिंदूंमध्ये पट्टी आडवी धरून मधली खोली मोजावी. जीवा (त्या दोन बिंदूंतले अंतर) ४० आणि खोली ४ असेल, तर ४० चा वर्ग भागिले (८ गुणिले ४), म्हणजे ५०, अधिक खोलीचे निम्मे २. त्रिज्या ५२ मिमी.

इथे थोडी अक्कल चालवावी लागते. कुणीतरी ड्रॉइंगवर आकडे लिहून तो भाग बनवला होता, ते आकडे शोधणे हे खरे काम आहे. ९२.०१ दिसले तर मूळ माप ९२ आहे. पण १९.०५ किंवा ३१.७५ दिसले तर त्याचे १९ आणि ३२ करू नये, ते पाऊण इंच आणि सव्वा इंच आहेत. आपल्याकडे वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा, पण त्याआधीची यंत्रे आणि त्यांच्या धर्तीवर पुढे बनत राहिलेले भाग इंचातलेच आहेत. तिथे एम ६ चा नाही, पाव इंची बोल्ट असतो. रंगाचा किंवा पावडर कोटिंगचा थर दोन्ही कडांना मिळून पाव मिलिमीटरपर्यंत जातो, तो खरवडून मगच मोजावे. झिजून अंडाकृती झालेले भोक जसेच्या तसे काढू नये. न झिजलेल्या बाजूच्या कडेवरून मूळ वर्तुळ बसवावे, किंवा तोच भाग आरशासारखा सारखा असेल तर दुसऱ्या अंगाचे भोक प्रमाण धरावे.

फाइल काढताना आपोआप ट्रेसचे बटन का दाबू नये, तेही सांगतो. ट्रेसला सरळ रेघ आणि वर्तुळ माहीत नसते. तो ठिपक्यांच्या कडेने वेडीवाकडी वक्ररेषा ओढतो. गोल भोक वीस-तीस तुकड्यांचे बनते, सरळ कड लाटेसारखी होते. लेझरचे डोके प्रत्येक तुकड्याच्या सांध्यावर वेग कमी-जास्त करते आणि कड दातेरी येते. त्यात मूळ चित्र भरीव आकाराऐवजी नुसत्या रेषेचे असेल, तर ट्रेस तिच्या दोन्ही बाजूंना कडा काढतो आणि यंत्र तीच रेघ दोनदा कापते. रांगोळीचे स्टेन्सिल, चामड्याचा तुकडा, पानाफुलाची जाळी यांना ट्रेस शोभतो. बोल्ट बसवायच्या प्लेटला नाही.

फ्रीकॅडमध्ये चित्र आयात करून त्यातल्या स्टील पट्टीच्या दोन खुणांवर माप जुळवता येते, ही सोय ०.२१ आवृत्तीपासून चित्रातच आहे. शक्यतो १०० मिमी किंवा जास्त अंतराच्या खुणा घ्याव्यात. २० मिमीवर जुळवले तर क्लिकमधली एका ठिपक्याची चूक संपूर्ण चित्रभर पसरते. मग चित्रावर स्केच काढायचे. आधी भोकांची वर्तुळे, नंतर बाहेरची कड, शेवटी कोपऱ्यांची गोलाई. रेघा ढोबळ काढल्या तरी चालतात. आडवे, उभे, समान, सममित असे निर्बंध घालून नंतर आकडे भरावेत. ९२ हे केंद्रांतर, ५६ हे दुसऱ्या दिशेचे, चारही भोके समान आणि ६.६, असे लिहीत गेल्यावर रेषा चित्रावर आपोआप सरकून बसतात. स्केच पूर्ण हिरवे झाले म्हणजे कोणतेही माप मोकळे राहिलेले नाही. या टप्प्याला एखादी रेघ चित्रापासून अर्धा मिलिमीटर दूर राहिली, तर आकडा चुकला आहे किंवा भाग वाकडा आहे. चित्राचा खरा उपयोग इथे होतो, तो चूक पकडणारा साक्षीदार असतो. घनाकृती हवी असेल तर पॅड करून (स्केचला उंची देऊन) पत्र्याची जाडी द्यावी. जाडी मोजावी, गेजवर विसंबू नये. १६ गेज म्हणजे १.६३ मिमी, १८ म्हणजे १.२२, पण दुकानात मिळणारा पत्रा १.६ किंवा १.२ चा असतो. फाइल निर्यात करताना घनाकृती नाही, स्केच निवडावे.

कापायला देण्याआधी १:१ छापून पाहावे. छपाईच्या खिडकीत 'पानात बसवा' असा पर्याय निवडलेला असतो, तो चित्र काही टक्के लहान करतो. त्याऐवजी खरा आकार निवडावा, आणि पानावर दोन्ही दिशांना १०० मिमीच्या रेघा काढून त्या मोजाव्यात, कारण प्रिंटरही चुकतो. कागद पुठ्ठ्यावर चिकटवून कापावा, भोके पाडावीत आणि प्रत्यक्ष यंत्रावर बोल्ट घालून पाहावेत. दहा रुपयांचा पुठ्ठा.

लेझरचा झोतही काही रुंदी खातो, ॲक्रिलिक आणि एमडीएफमध्ये साधारण ०.१ ते ०.३ मिमी. भरपाई तुम्ही करायची की कटिंगवाला करणार, हे आधी विचारावे. दोघांनी केली तर भोक लहान होते, कुणीच नाही केली तर मोठे. जाडीपेक्षा लहान व्यासाची भोके पत्र्यात लेझरने नीट निघत नाहीत. आटे पाडायचे असतील तर लेझरने जागेवर छोटे भोक घेऊन पुढे ड्रिल करावे, एम ६ ला ५, एम ८ ला ६.८ मिमी. लेझरची कड तापून कडक झालेली असते, थेट टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवला तर तो मोडतो. डीएक्सएफमधला १०० हा आकडा मिमी समजायचा की इंच, याची खूण फाइलमध्ये असतेच असे नाही. निरोपात 'बाहेरची लांबी ११८ मिमी, नग २, ३ मिमी एमएस' (एमएस म्हणजे साधे पोलाद) असे लिहावे आणि मापे घातलेली पीडीएफ सोबत द्यावी.

घरच्या थ्रीडी प्रिंटरवर तोच भाग काढणार असाल तर भोके ०.२ मिमी मोठी ठेवावीत. पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. इंजिनाजवळ किंवा विदर्भातल्या उन्हात उभ्या गाडीत ते वाकते. ब्रेक, स्टिअरिंग, गॅस आणि दाबाखालच्या भांड्यांचे भाग अशा रीतीने बनवू नयेत. विक्रीसाठी कुणाची रचना उतरवायची असेल तर नोंदणी पाहावी. २००० च्या डिझाइन्स कायद्याखाली संरक्षण १० वर्षांचे असते आणि ते आणखी ५ वर्षे वाढवता येते.

सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर आहेत, आयटीआयमध्ये व्हर्नियर आहेत. या दोन गोष्टी एकाच टेबलावर क्वचितच दिसतात. आपल्या पुरवणीने शाळांसाठी एक प्रयोग छापावा. चार भोकांची एक प्लेट, एक स्कॅनर, एक व्हर्नियर. निम्म्या मुलांनी ट्रेस करून पुठ्ठा कापावा, निम्म्यांनी मापे भरून. दोन्ही पुठ्ठे मूळ प्लेटवर ठेवून चारही बोल्ट घालून पाहावेत.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर